लष्करी धाटणीची आडमाप गाडी घरच्या वापराला कितपत उपयोगाची?

हिमवाट (धागाकर्ता)

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहतो. घरात आम्ही दोघे, नऊ आणि सहा वर्षांची दोन मुले, आणि दरवर्षी मे ते ऑक्टोबर साताऱ्याहून येऊन राहणारे माझे आई-वडील असे सहा जण असतो. आमची मिनीव्हॅन आता एक लाख चाळीस हजार मैल चालली आहे. ती बदलावी असा विचार सुरू असतानाच पलीकडच्या गल्लीतील एका गृहस्थांनी त्यांची २००५ सालची हमर एच-२ विकायला काढली, आणि किंमत माझ्या आवाक्यातली आहे. मुलाचे त्या गाडीवर मन जडले आहे. माझेही जडले आहे, कारण १९९१ च्या आखाती युद्धाच्या बातम्यांत वाळवंटातून जाणारी ती रुंद, बसकी गाडी मी शाळकरी वयात पाहिली होती आणि तेव्हापासून ती डोळ्यांपुढून गेलेली नाही.

परवा मी ती तासभर चालवून पाहिली. रस्त्यावर बसायची जागा उंच आणि ऐसपैस वाटली, पण परत आल्यावर आमच्या घरासमोर घडलेली एक गोष्ट मनातून जात नाही. समोर काही नाही असे समजून मी गाडी उभी केली आणि खाली उतरलो, तर धाकटीची तीनचाकी सायकल गाडीच्या नाकापासून जेमतेम दोन हातांवर पडलेली होती. मी पुन्हा वर चढून बसलो आणि मुद्दाम पाहिले, तरी बॉनेटच्या पलीकडे ती मला दिसेना. मग बायकोने सायकल मागे मागे ओढत नेली, आणि सुमारे तीन मीटर अंतर झाल्यावर तिचे हँडल पहिल्यांदा माझ्या दृष्टीस पडले. आईला गाडीत चढायला स्टूल लागले, आणि गॅरेजच्या सात फुटी दारात वर वीतभरसुद्धा जागा उरली नाही.

इकडे हिवाळ्यात बर्फ भरपूर पडतो, म्हणून जड आणि चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी उपयोगी पडेल असे मला वाटत होते. ज्यांना अशा गाड्यांचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी मोकळेपणाने मत द्यावे, ही विनंती.

यंत्रवेध

मी ओहायोत वाहन-उद्योगात काम करतो, त्यामुळे आधी एक फरक स्पष्ट करतो, कारण त्याच्या गोंधळातूनच पुष्कळ गैरसमज होतात. आपण बातम्यांत पाहिली ती गाडी आणि आपल्याला मिळत असलेली गाडी यांचे नाव एक असले तरी कूळ वेगळे आहे.

मूळ गाडी हमवी. ए. एम. जनरल या कंपनीला १९८३ साली अमेरिकी लष्कराचे कंत्राट मिळाले आणि इंडियाना राज्यातील मिशावाका येथे तिची बांधणी सुरू झाली. १९९२ पासून ती नागरिकांनाही विकली जाऊ लागली. अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी त्यासाठी कंपनीकडे आग्रह धरला होता आणि पहिल्या गिऱ्हाइकांत तेच होते. हीच पुढे एच-१ म्हणून ओळखली गेली. तिची रुंदी सुमारे २.२ मीटर आहे आणि पोटाखालची मोकळी जागा सोळा इंच, म्हणजे जवळजवळ ४०६ मिलिमीटर. एवढी उंची मिळवण्यासाठी इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारी सगळी यंत्रणा वर उचलून गाडीच्या मधोमध घेतली आहे आणि शेवटचा उतार चाकाच्या हबमधल्या गिअरने साधला आहे. चालत्या गाडीत टायरांतली हवा कमी-जास्त करण्याची सोयही तीत मिळत असे. दगडगोट्यांवर, दलदलीत आणि वाळूत या रचनेला तोड नाही. तिची किंमत मात्र आतल्या माणसांनी मोजायची असते. मधल्या त्या रुंद पेटीमुळे सव्वादोन मीटर रुंदीच्या गाडीत चारच माणसे चार कोपऱ्यांत बसतात, आणि शेजारच्याशी बोलायचे तरी आवाज चढवावा लागतो. लष्कराला त्याचे काही वाटत नाही, कारण मधल्या जागेवर रेडिओ-संच ठेवता येतो आणि वर तोफचीला उभे राहता येते. आपल्याकडे त्या जागेवर ठेवण्यासारखे काही नाही.

एच-२ ही २००२ साली आली. तोवर हमर हे नाव जनरल मोटर्सने विकत घेतले होते, आणि या गाडीचा सांगाडा त्यांच्या मोठ्या पिकअप ट्रकांच्या जातीचा आहे. वर हमवीसारखे उभट, चौकोनी अंग बसवले आहे. वजन सुमारे २,९०० किलो, रुंदी २.०६ मीटर. पेट्रोलची टाकी ३२ गॅलनची, म्हणजे साधारण १२० लिटरची, आणि चालवणारे बहुतेक जण गॅलनला दहा-बारा मैल, म्हणजे लिटरला चार-पाच किलोमीटर, असाच हिशेब सांगतात. आपल्या घरात सहा माणसे आहेत म्हणून हे आवर्जून सांगतो की या गाडीत जादा चाक मागच्या भागात आत ठेवलेले असते आणि तिसऱ्या रांगेत त्याच्या शेजारी एकच आसन बसते. आपले वडील किंवा आपला मुलगा यांपैकी कोणीतरी रोज त्या चाकाला खेटून बसेल, आणि सामानाला जागा उरणार नाही.

छपराच्या पुढच्या कडेवरचे पाच पिवळे दिवे पुष्कळांना शोभेचे वाटतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे ८० इंचांपेक्षा रुंद वाहनावर ते असावेच लागतात, म्हणजे कायद्याच्या नजरेत ही गाडी ट्रकच्या पंक्तीत बसते.

चोवीस वर्षे चाकावर

मी सातारा जिल्ह्यातला आहे. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये चोवीस वर्षे गाड्या चालवून हवालदार म्हणून निवृत्त झालो. हमवी मी चालवलेली नाही; पण जोंगा, जिप्सी आणि तीन टनी ट्रक लडाख, सिक्कीम आणि राजस्थानात चालवले आहेत. यंत्रवेध यांनी गाडीविषयी जे लिहिले ते बरोबर आहे, परंतु लष्करी गाडी चालते कशामुळे हे गाडीकडे पाहून कळत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सेनेत गाडी सुरू करण्याआधी रोज पहाटे फर्स्ट परेड होते. एम. टी. पार्कमध्ये, म्हणजे युनिटच्या वाहनतळावर, गाड्या ओळीने उभ्या असतात. चालक आधी गाडीखालच्या जमिनीकडे पाहतो, कारण रात्रीतून तेल किंवा पाणी गळले असेल तर त्याचा डाग तिथे दिसतो. मग ऑइलची काडी पुसून पुन्हा बुडवायची, फॅन-बेल्ट अंगठ्याने दाबून त्याचा ताण पाहायचा, रेडिएटरचे पाणी, बॅटरीच्या तारा, स्प्रिंगची पाने, प्रत्येक चाकाचे नट, आणि स्टेपनी. त्यानंतरच कार डायरीवर सही होते आणि गाडी फाटकाबाहेर पडते. वाटेत थांबलो की हॉल्ट परेड, संध्याकाळी परतलो की लास्ट परेड. युनिटबरोबर ई. एम. ई.चे, म्हणजे सेनेच्या दुरुस्ती-दलाचे, कारागीर असतात आणि त्यांच्या मागे मोठी वर्कशॉप असते. गाडी बंद पडली तर तिला व्ही. ओ. आर., म्हणजे रस्त्याबाहेर, असे लिहून दुसरी गाडी दिली जाते आणि बिघडलेली ओढून नेली जाते. डिझेल-पेट्रोल डेपोतून येते, सुटे भाग भांडारातून येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चालकाशेजारी को-ड्रायव्हर असतो. गाडी मागे घ्यायची असली की तो खाली उतरून मागे उभा राहतो आणि हाताने खुणा करतो. त्याच्याशिवाय रिव्हर्स घेतली तर जाब द्यावा लागतो. हिमवाट यांना न दिसलेली ती सायकल को-ड्रायव्हरने पाहिली असती.

निवृत्तीनंतर मला हे सारे माहीत असूनही मी चूक केली. जबलपूरच्या वाहन कारखान्यात सेनेसाठी बनलेली, मूळ निस्सान पेट्रोलच्या आराखड्यावरची जोंगा लिलावातून सुटून एका व्यापाऱ्याकडे आली होती, ती मी घेतली. सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन. ज्या गाडीने मला कधी दगा दिला नव्हता, तीच माझ्या दारात उभी राहणार याचा आनंद मोठा होता. पहिल्या पावसाळ्यात तिचा डिस्ट्रिब्यूटर गेला. मी पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत दोन फेऱ्या मारल्या, शेवटी दिल्लीच्या मायापुरीतून जुना भाग मिळाला आणि तोवर गाडी एकेचाळीस दिवस अंगणात उभी होती. पेट्रोलचा खर्च माझ्या पेन्शनच्या हिशेबात बसत नव्हता. आमच्या वाड्याचा दरवाजा जुना, आणि स्टिअरिंग इतके जड की जागेवर वळवताना खांदे भरून यायचे. रात्री घरी आलो की आमच्या सौ. विजेरी घेऊन दरवाजात येत आणि "अजून वीतभर आहे, अजून वीतभर आहे" असे सांगत मला आत घेत. चौदा महिन्यांनी मी ती गाडी विकली.

तेव्हा मला जे कळले ते असे, की सेना गाडी घेते तेव्हा तिच्याबरोबर कारागीर, भांडार, डेपो आणि को-ड्रायव्हर असतात, आणि आपण तीच गाडी घेतो तेव्हा ती एकटीच घरी येते. वाड्याच्या दरवाजातल्या त्या माउलीच्या हातात को-ड्रायव्हरचे, स्टोअरकीपरचे आणि पे-मास्तरचे अशी तिन्ही कामे आली होती.

दुसरी गोष्ट, आडमापपणाविषयी. आपल्या सेनेने डोंगरात तीसेक वर्षे सर्वाधिक भरवसा ठेवला तो मारुती जिप्सीवर. तिची रुंदी १.५४ मीटर आणि वजन हजार किलोंच्या आत. झोजी ला घाटात समोरून ताफा आला की कडेला थांबायला जेवढी जागा मिळते तेवढ्यात जिप्सी मावते. चिखलात रुतली तर सहा जवान तिला हाताने उचलून बाजूला ठेवतात, हे मी स्वतः केलेले आहे. तीन टनांची गाडी रुतली की रिकव्हरी येईपर्यंत वाट पाहावी लागते.

चंदगडी

मेजर, आपल्या अनुभवापुढे बोलायचा माझा अधिकार नाही, तरी एक बाजू मांडतो, कारण धाग्याचा कल सरसकट विरोधाकडे जाईल अशी भीती वाटते. माझ्याकडे फोर्स कंपनीची गुरखा आहे. चंदगड तालुक्यात आमची काजूची बाग आहे आणि जून ते सप्टेंबर तिथे जाणारा शेवटचा अडीच किलोमीटरचा रस्ता लाल चिखलाचा असतो. आंबोलीच्या परिसरात पाऊस किती पडतो हे सर्वांना ठाऊक आहे. साधी मोटार तिथे वर्षातून चार महिने जातच नाही. गुरखाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलना, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरना, लॉक आहे, त्यामुळे एक चाक हवेत राहिले तरी दुसरे ओढते. गेल्या आषाढात आमच्या गड्याच्या बायकोला बाळंतपणासाठी रात्री साडेअकराला गडहिंग्लजला नेले ते याच गाडीतून. त्या रात्री गाडी शोभेची होती असे मला कोणी म्हणू शकणार नाही.

तेव्हा लष्करी धाटणी म्हणजे निरुपयोगी असे समीकरण करू नये. ज्याला खरोखर रस्ता नाही त्याला अशी गाडी लागतेच.

चोवीस वर्षे चाकावर

चंदगडी यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यांची गाडी मी आडमाप म्हणणार नाही. त्यांना लॉक हवे होते, पकड हवी होती, पोटाखाली उंची हवी होती. ते त्यांनी घेतले आणि त्याचा वापर करतात. गाडी आकुर्डीच्या कंपनीची असल्यामुळे तिचे भाग त्यांना कोल्हापुरात मिळतात आणि बाग ते घर हा रस्ता त्यांच्या पायाखालचा आहे. माझा आक्षेप आहे तो गुण न घेता नुसते आकारमान घेण्याला. आमच्याकडे काही तरुण साध्या गाडीला पुढे लोखंडी गार्ड लावतात आणि ऑलिव्ह ग्रीन रंग देतात. तो रंग मोटार वाहन नियमांनी संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखलेला आहे, आणि तसल्या गार्डवर केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात बंदी घालण्याचे राज्यांना कळवले आहे, कारण धडक बसली की पादचाऱ्याला त्याचा मार जास्त लागतो आणि गाडीच्या एअरबॅगच्या कामातही व्यत्यय येऊ शकतो. हे दोन्ही प्रकार पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

शनिवारपेठ

पुण्यातल्या वस्तुस्थितीची थोडी भर घालते. आमच्या इमारतीत गाड्यांसाठी आखलेली जागा अडीच मीटर रुंद आहे. त्यात २.२ मीटरची एच-१ अगदी मधोमध उभी केली तरी प्रत्येक बाजूला पंधरा सेंटिमीटर उरतात, म्हणजे आत बसलेल्या माणसाला दार उघडून बाहेर येताच येणार नाही. नव्या इमारतींत एकावर एक गाड्या ठेवायचे यांत्रिक पार्किंग आले आहे. माझ्या बहिणीच्या सोसायटीत त्या पाळण्यावर दोन हजार किलोंची मर्यादा पाटीवर लिहिलेली आहे आणि उंचीचीही आहे. गाडी घेताना घरच्यांनी ती पाटी वाचली नव्हती, आणि आता त्यांची उंच गाडी रस्त्यावर उभी राहते.

हिमवाट, आपल्या आईंच्या स्टुलाचा उल्लेख वाचून मी थांबले. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. उंच गाडीत बसताना त्या कधी तक्रार करत नाहीत, पण हळूहळू त्यांनी "मी घरीच थांबते" असे म्हणायला सुरुवात केली, आणि त्याचे कारण ती पायरी आहे हे आम्हाला फार उशिरा कळले.

वाशिष्ठीकाठ

पुरात उंच गाडी उपयोगी पडते हा समज दूर व्हावा म्हणून लिहितो. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा पहाटेपर्यंत तळमजले बुडाले आणि उभ्या असलेल्या गाड्या पाण्याबरोबर तरंगत एकमेकींवर चढल्या. त्यांत लहान मोटारी होत्या तशा उंच, धिप्पाड गाड्याही होत्या. आमच्या समोरच्या वकिलांची गाडी अशीच मोठी होती. ती रात्री सुरक्षित म्हणून चौकात लावली होती आणि सकाळी दोनशे पावलांवर एका औषधाच्या दुकानाच्या शटरमध्ये घुसलेली सापडली.

खरी हमवीसुद्धा जादा साहित्य न जोडता सुमारे अडीच फूट पाण्यातूनच जाते, आणि तेही तळ माहीत असलेल्या, संथ पाण्यातून. वाहत्या पाण्याचे गणित निराळे आहे. अमेरिकेची हवामान सेवाच लोकांना सांगते की दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकते, आणि त्यांत मोठ्या गाड्याही येतात. गाडी जेवढी मोठी तेवढे ती पाणी बाजूला सारते आणि तेवढी वर उचलली जाते. आम्हाला त्या दिवशी सोडवले ते होड्यांनी.

ताळेबंद

मी न्यू जर्सीत करसल्लागार आहे. एच-२ इतक्या मोठ्या संख्येने शहरी लोकांनी का घेतली, याचे एक कारण रस्त्यांत नसून करकायद्यात आहे. कमाल भारासह ६,००० पौंडांपेक्षा जड वाहन धंद्यासाठी घेतले तर त्याची किंमत एका मर्यादेपर्यंत पहिल्याच वर्षी खर्ची टाकता येई. मूळ हेतू शेतकरी आणि बांधकाम करणारे यांना मदत व्हावी असा होता. २००३ साली ही मर्यादा एक लाख डॉलरपर्यंत वाढवली गेली, आणि मग दवाखाना किंवा घरविक्रीचे कार्यालय चालवणाऱ्यालाही पन्नास हजारांची हमर करात मोठी सूट मिळवून देऊ लागली. टीका झाल्यावर २००४ च्या ऑक्टोबरात अशा गाड्यांसाठी ही रक्कम पंचवीस हजारांवर आणली गेली. शिवाय ८,५०० पौंडांच्या वरच्या गाड्यांना त्या काळी इंधनवापराचा अधिकृत आकडा खिडकीवर लावण्याचे बंधन नव्हते, आणि एच-२ या रेषेच्या किंचित वर होती. गिऱ्हाइकाला सूट दिसत होती आणि पेट्रोलचा आकडा दिसत नव्हता.

२००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरांच्या वर गेले तेव्हा हे गणित कोसळले. २००६ मध्ये अमेरिकेत सत्तर हजारांच्या वर हमर खपल्या होत्या. २००९ मध्ये त्या नऊ हजारांच्या आसपास आल्या. चीनमधील एका कंपनीला हे नाव विकण्याचा व्यवहार २०१० च्या फेब्रुवारीत फिसकटला आणि त्याच वर्षी उत्पादन थांबले. हिमवाट, आपण घेणार ती गाडी या लाटेतली आहे, आणि ती लाट ओसरल्यावर तिचे भाग वर्षागणिक दुर्मीळ होत चालले आहेत. मेजरांच्या डिस्ट्रिब्यूटरची गोष्ट ध्यानात ठेवावी.

चंदगडी

एक शंका विचारतो. जड गाडीत आपले कुटुंब जास्त सुरक्षित राहते, हे तरी खरे ना? पुष्कळ जण याच एका कारणाने मोठी गाडी घेतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

यंत्रवेध

प्रश्न रास्त आहे. फार हलकी गाडी आणि मध्यम वजनाची गाडी यांची टक्कर झाली तर मध्यम गाडीतल्यांचा बचाव अधिक होतो, हे खरे आहे. परंतु अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२५ च्या आरंभी मांडलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा आहे की गाडी रस्त्यावरच्या सरासरी वजनाच्या पुढे गेली की तिच्यातल्या माणसांचा आणखी फायदा अगदी थोडा होतो, आणि समोरच्या गाडीतल्यांचा धोका मात्र वाढतो. त्याच संस्थेने २०२३ च्या नोव्हेंबरात पादचाऱ्यांच्या अपघातांची छाननी केली होती. ज्यांच्या बॉनेटची कड जमिनीपासून चाळीस इंचांपेक्षा उंच आहे अशा गाड्यांच्या धडकेत पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता, तीस इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या मोटारींच्या तुलनेत, सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. कारण साधे आहे. बुटक्या मोटारीची धडक पायांना बसते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच, उभ्या नाकाची धडक मोठ्या माणसाच्या छातीला आणि लहान मुलाच्या डोक्याला बसते, आणि ते पुढे ढकलले जाऊन खाली येतात. चाळीस इंच म्हणजे एक मीटर. आपल्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलीची उंची मोजून पाहावी.

हमर हे नाव आता विजेच्या गाडीवर परत आले आहे. जी. एम. सी. हमर ई. व्ही. २०२१ च्या डिसेंबरात ग्राहकांकडे जाऊ लागली. तिचे वजन चार हजार किलोंच्या वर आहे आणि एकट्या बॅटरीचे सुमारे तेराशे किलो. मेजरांनी सांगितलेली अख्खी जिप्सी या बॅटरीपेक्षा हलकी आहे. धूर नसला तरी एवढे वजन हलवायला वीज लागतेच आणि थांबवायला अंतर लागतेच. पॅरिसच्या नागरिकांनी २०२४ च्या फेब्रुवारीत मतदान करून जड गाड्यांना पार्किंगचा दर तिप्पट, मध्यभागी ताशी १८ युरो केला, तेव्हा विजेच्या गाड्यांनाही दोन टनांची मर्यादा घातली. मतदान फार थोडे झाले होते हे खरे, पण वजनाचा विचार गाडी कशावर चालते यापासून वेगळा करण्याची ती दिशा मला योग्य वाटते.

बर्फाविषयी एकच वाक्य: चारही चाकांना ताकद मिळाली तर गाडी निघते लवकर, पण बर्फावर थांबताना पकड टायरचीच असते, आणि २,९०० किलोंची गाडी साध्या टायरांवर घसरू लागली की तिला आवरणे हलक्या गाडीहून अवघड आहे. इकडच्या हिवाळ्याला हिवाळी टायर हे खरे उत्तर आहे.

हिमवाट

सर्वांचे आभार. आठवडाभर हा धागा मी आई-वडिलांना मोठ्याने वाचून दाखवत होतो. आमच्याकडे गावात प्रत्येक माजी सैनिकाला मेजर म्हणायची रीत आहे, त्यामुळे बाबाही तुम्हाला मेजरच म्हणतात.

शनिवारी मी विक्रेत्यांची परवानगी घेऊन, तुम्ही लिहिली तशी, त्या एच-२ ची फर्स्ट परेड केली. बाबा बरोबर होते. त्यांनी पहिल्यांदा गाडीखालची फरशी पाहिली, आणि पुढच्या ॲक्सलखाली तेलाचा ताजा, बशीएवढा डाग होता. टायरवरच्या सांकेतिक आकड्यातले शेवटचे चार अंक २३११ निघाले, म्हणजे ते २०११ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले होते. वरची नक्षी उत्तम दिसत होती, पण बाजूच्या रबराला बारीक चिरा पडल्या होत्या. पस्तीस इंची पाच टायरांचा दर मी विचारला आणि माझे अर्धे उत्तर मला तिथेच मिळाले. मागच्या सांगाड्यावर बाबांनी पेचकस दाबला तेव्हा गंजाचा पापुद्रा सुटून हातात आला. इथे रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात, त्याचा तो परिणाम आहे. विक्रेते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी स्वतःच सांगितले की गेली तीन वर्षे ते ही गाडी फक्त रविवारी बाहेर काढतात.

धाकटीची उंची मोजली. गाडीच्या नाकाची कड तिच्या हनुवटीपाशी येते. तिला तिथे उभी करून मी दोन पावले मागे गेलो आणि पुन्हा त्या गाडीत बसलो नाही.

आम्ही मिनीव्हॅन ठेवली आहे. तिला हिवाळी टायरांचा संच मागवला आहे आणि सरकत्या दाराची खालची पट्टी बदलून घेतली आहे, त्यामुळे आई आता आधाराशिवाय आत बसते. मुलगा दोन दिवस गप्प होता. सोमवारी सकाळी मात्र बाबांनी त्याला हाताला धरून मिनीव्हॅनभोवती फिरवले, ऑइलची काडी त्याच्या हातात दिली, आणि आता शाळेत जाण्याआधी तो स्वतः खाली वाकून डाग पाहतो. वहीच्या मुखपृष्ठावर त्याने कार डायरी असे लिहिले आहे आणि रोज सही करतो.

बाबा पुढच्या महिन्यात साताऱ्याला परत येतील. तुम्हाला भेटायची त्यांची इच्छा आहे.

चोवीस वर्षे चाकावर

अवश्य यावे, मी निरोप पाठवतो. नातवाला एवढे सांगा की त्याने लिहिलेल्या परेडमध्ये स्टेपनी राहिली आहे. मिनीव्हॅनची स्टेपनी पोटाखाली तारेने टांगलेली असेल, आणि तुमच्याकडच्या मिठाने ती तार आणि तिची चरखी गंजून धरली असेल तर बर्फात पंक्चर झाल्यावर चाक खाली उतरणार नाही. हिवाळा लागण्याआधी ती एकदा खाली सोडून, चरखीला ग्रीस लावून, हवा पाहून परत वर घ्यावी, आणि वहीत तारीख लिहावी.